खेकड्यांच्या बिळांची चोरी

१

सकाळी कार्यालयात येऊन संगणक उघडला, तर समोरची सगळी पानं लालभडक.

मी संपादक असलेल्या त्रैमासिकाकडे आलेला प्रत्येक शोधलेख छापण्याआधी एका यंत्रणेतून जातो. इतरत्र छापलेल्या लेखांशी ती तो ताडून बघते आणि जिथं जुळतं तिथं लाल रंग फासते. थोडाफार लाल सगळ्यांचाच असतो. इथं मात्र चौऱ्याऐंशी टक्के जुळत होतं.

आणि लेख होता माझ्या आवडीचा. कालव्याच्या मातीच्या बांधात खेकडे बिळं करतात, त्यातून पाणी झिरपतं आणि एक दिवस अख्खा बांध फुटून खालची घरं वाहून जातात. कुठलं बीळ धोक्याचं आणि कुठलं नुसतंच बीळ, हे आधी कसं ओळखायचं ते या लेखात होतं. लिहिणारी होती पीएच.डी. करणारी एक मुलगी. तो वाचून मी इतकी खूश झाले होते की नवऱ्याला जेवताना खेकड्यांवर व्याख्यान दिलं होतं. आता तोच लेख गेल्या महिन्यात दुसऱ्या एका नियतकालिकात छापून आला होता, कुठल्याशा महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या नावावर. त्यांच्याकडे तो पोहोचल्याची तारीखही आमच्या आधीची.

नियमाप्रमाणे प्रकाशकांच्या कार्यालयानं मुलीच्या संस्थेला कळवूनही टाकलं होतं. आठवड्याभरात संस्थेनं चौकशी समिती नेमली. सोमवारी बैठक, आणि निकाल काय लागणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं: नोंदणी रद्द, वर चोर म्हणून कायमचा शिक्का.

गुरुवारी दुपारी मुलगी स्वतःच येऊन उभी राहिली. किडकिडीत, हातावर प्लास्टरचे पांढरे डाग. संस्थेत तिला सगळे खेकडेवाली म्हणत.

"मॅडम, मी चोर नाही."

"चोरही असंच म्हणतो," मी म्हणाले. माझं डोकं तापलेलं होतं.

"मग चोर नसलेल्यानं काय म्हणायचं असतं, ते तुम्हीच सांगा."

मी तिला बसायला सांगितलं. लेखातला तक्ता उघडला आणि अकराव्या बिळावर बोट ठेवलं. "इथं खोलीचा आकडा का नाही?"

"खेकडा आत होता. आम्ही बिळात प्लास्टर ओतून साचा काढतो, त्यावरून खोली मोजतो. ओतलं असतं तर तो मेला असता. पुष्कळ वाट बघितली, पण बाहेर यायलाच तयार नाही. शेवटी म्हटलं, राहा बाबा तुझ्या घरात."

हे उत्तर चोरून आणता येत नाही. "हा लेख पाठवण्याआधी कुणाला वाचायला दिला होतास?"

"तिघांना. उन्हाळ्यात. छापील प्रती दिल्या, आमच्याकडे मोठ्यांना स्क्रीनवर वाचलेलं चालत नाही. आमचे मार्गदर्शक सर, विभागप्रमुख आणि प्रयोगशाळेतला सीनियर. परत कुणीच दिल्या नाहीत. मग कंटाळून मी तुमच्याकडे पाठवला. संगणकावरच्या तारखा दाखवल्या तर समिती म्हणते, तारखा काय, कुणीही बदलतं."

तिघांपैकी एक. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि शिक्षा शेताला होणार होती.

२

मी प्राचार्यांना फोन लावला. गोड आवाजात म्हणाले, "बोला ना मॅडम."

"तुमचा खेकड्यांवरचा लेख वाचला. अकराव्या बिळाची खोली का दिली नाही?"

"त्या वेळी... उपकरण बिघडलं होतं."

"कुठलं उपकरण?"

"खोली मोजायचं."

"प्लास्टर बिघडतं होय?"

मग त्यांचा आवाज उतरला. शरमेनं नव्हे बरं, कंटाळ्यानं. "मॅडम, तुम्ही आम्ही एकाच क्षेत्रातले. पदोन्नतीला लेख लागतो, मला वेळ कुठं? एजन्सी आहे एक. ते लेख आणतात, शब्द इकडचे तिकडे करतात आणि आपलं नाव घालून देतात. सगळेच करतात."

शब्द इकडचे तिकडे म्हणजे काय, ते मी वाचलंच होतं. मुलीनं जिथं 'बीळ' लिहिलं तिथं यांच्या लेखात 'भूगर्भीय निवासस्थान' होतं आणि खेकड्याचा झाला होता 'आडवा चालणारा कवचधारी'. तेवढ्यावर सोळा टक्के वेगळेपणा मिळवला होता पठ्ठ्यानं.

"एका मुलीचं आयुष्य मातीत जातंय," मी ओरडले. "हे लिहून द्या मला."

"लिहून? छे. मी काही बोललोच नाही." आणि फोन ठेवता ठेवता, आपला सौदा किती चोख होता हे सांगायचा मोह त्यांना आवरला नाही. "माल अस्सल आहे हो मॅडम. एजन्सीवाला म्हणाला, थेट प्रयोगशाळेतून येतो. तिथले एक जण देतात आणि बदल्यात एजन्सीच्या दुसऱ्या लेखांवर स्वतःचं नाव लावून घेतात."

३

शुक्रवारी मी संस्थेत जाऊन धडकले. लांब ओसाड कॉरिडॉर, भिंतीला टेकवलेली मोडकी टेबलं आणि प्रत्येक दारावर दाराहून मोठ्या पदव्या.

सीनियर आधी भेटला. घामानं निथळत होता, तरी गळ्यात टाय. त्याला नोकरी हवी होती आणि ती कुणीही, केव्हाही देऊ शकेल म्हणून तो कायम तयारीत असे. तो म्हणाला, "मसुदा वाचला नाही, मॅडम. फक्त शेवटची संदर्भांची यादी बघितली. माझे लेख घेतलेत का बघायला."

"घेतले होते?"

"एकही नाही. मग ठेवून दिला." त्याच्या चेहऱ्यावरचा राग अगदी खरा होता. त्याचे लेख मी चाळले होते. मजकूर बोटभर आणि संदर्भ हातभर, त्यातले निम्मे स्वतःचेच.

विभागप्रमुखांना पोरं तोफखाना म्हणत, आणि का ते दार उघडताच कळलं. "घेतला! वाचायला घेतला आणि रद्दीत फेकला! त्या मातीबाईचं नाव दिसलं आणि माझं टाळकं सरकलं!"

मातीबाई म्हणजे याच संस्थेतून निवृत्त झालेल्या मृदाशास्त्रज्ञ. यांचं आणि त्यांचं हाडवैर जगजाहीर होतं.

"रद्दीतून तो कुणी उचलला असेल?"

"मला काय विचारता? मी रद्दी राखत बसतो का? सोमवारी समितीत आहे मी, तिथं बघतो त्या पोरीला!"

मार्गदर्शक सर मात्र मऊ. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. मागच्या भिंतीवर एक मोठं सन्मानपत्र होतं. बिळात रंगीत पाणी ओतायचं आणि बांधाच्या पलीकडे ते कुठं, किती वेळानं उमटतं ते टिपायचं, या पद्धतीसाठी त्यांना ते मिळालं होतं. "आता लोक तिला माझ्याच नावानं ओळखतात. लोकांचं प्रेम, दुसरं काय," ते संकोचून म्हणाले.

"तिचा मसुदा वाचलात?"

"नाही हो. राहूनच गेलं. त्या कपाटात पडला असेल कुठंतरी." त्यांनी उसासा टाकला. "हुशार पोर. पण यंत्र खोटं बोलत नाही ना. मला वाटतं तिनं चूक कबूल करून मोकळं व्हावं. मी दयेची विनंती करीन."

मला ते बरे वाटले, हे सांगायला हवं. निघताना मी जिना उतरत होते ती तोफखान्यावर दात खात.

४

रविवारी सकाळी मी दोन्ही लेख घेऊन बसले. नवरा दातांचा डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी त्याला कुणाच्या तरी तोंडात बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला म्हटलं, आज या लेखांच्या तोंडात बघ. तो छापील लेखातले संदर्भ मोठ्यानं वाचू लागला आणि मी मुलीच्या हस्तलिखितात खुणा करू लागले.

"अगं, इथं एक दाढ कमी आहे," तो मधेच म्हणाला.

खरंच कमी होती. मुलीच्या लेखात तिथं मातीबाईंच्या एका जुन्या अहवालाचा संदर्भ होता आणि मजकुरात त्याला जोडून एक वाक्य. प्राचार्यांच्या लेखात ना संदर्भ, ना ते वाक्य.

"यंत्रानं शब्द बदलताना सुटलं असेल," तो म्हणाला.

"यंत्र शब्द बदलतं, माणसं वगळत नाही. आणि मधला एक संदर्भ काढला तर मजकुरातले पुढचे सगळे संदर्भक्रमांक चुकायला हवेत. बघ चुकलेत का."

त्यानं चष्मा सरळ केला आणि बराच वेळ पानं उलटली. "एकही नाही. कुणीतरी बसून सगळे नव्यानं घातलेत."

ज्या चोरानं तक्त्यातली रिकामी जागासुद्धा जशीच्या तशी ढापली, त्यानं एवढे कष्ट एका नावासाठी घेतले? चोर आळशी असतो, म्हणून तर तो चोर. हे काम आळशाचं नव्हतं. ते नाव कुठल्याही कागदावर ज्याला सहन होत नाही, त्याचं होतं.

"टायवाला नाही," मी म्हणाले. "त्यानं चोरला असता तर संदर्भ वाढले असते. त्यानं स्वतःला कोंबलं असतं."

"मग तोफखाना," नवरा म्हणाला. "तो तर ओरडून सांगतोय की त्या बाईचं नाव बघून त्याचं टाळकं सरकलं."

५

दुपारीच मी मातीबाईंच्या घरी गेले. गच्चीवर कुंड्यांच्या गर्दीत त्या मांडी घालून बसल्या होत्या, कोपरापर्यंत माती. मी सगळं सांगितलं. तोफखान्याचं नाव निघताच त्या खो खो हसल्या.

"तो? अहो, माझं नाव घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. त्याचा कुठलाही लेख काढा, मी आहेच त्यात. 'बाईंचं म्हणणं साफ चुकीचं आहे.' भांडायचं तर नाव घ्यावं लागतं ना? प्रामाणिक शत्रू आहे बिचारा. माझं नाव गाळेल तर त्याला लिहायला उरेल काय?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. उघड बोंबलणाऱ्याच्या मागे धावत मी साप साप म्हणून भुई धोपटत होते.

"तो अहवाल कशावर होता, बाई?"

"बिळात रंगीत पाणी सोडण्यावर. माझीच युक्ती. संस्थेच्या ग्रंथालयात एखादी प्रत असेल धूळ खात, तुमच्या पोरीनं शोधलेली दिसते. तेव्हा माझ्या हाताखाली एक विद्यार्थी होता. गुणी, मृदू. तोच तो अहवाल टंकायला बसला होता. पुढं त्यानं ती पद्धत स्वतःची म्हणून मांडली आणि लोकांनी त्याचा सन्मान केला. त्याच्या लेखात माझं नाव शोधाल तर सापडायचं नाही."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले. लोक म्हणाले, बाई जळतात."

त्यांना नाव सांगायची गरज उरली नव्हती. पाणी देणारे, पंखा वळवणारे आणि दयेची विनंती करणार असलेले ते सद्गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या समितीत याल?"

"मला आता भांडायचं नाही हो."

"भांडू नका. नुसत्या बसा. भांडायला मी आहे."

६

बैठकीच्या खोलीत संचालक मध्यभागी, शेजारी तोफखाना, आणखी दोन मान डोलावणारे सदस्य. साक्षीला मार्गदर्शक सर. मुलगी एका कडेला ताठ बसली होती. मी संपादक म्हणून बोलायची परवानगी मागितली आणि मिळायच्या आधीच सुरुवात केली.

"सर, हिचा मसुदा तुम्ही वाचला होता?"

"मागेच सांगितलं ना, नाही. कपाटातच आहे."

"ठीक." मग मी संदर्भांची कथा सांगितली. काय चोरलं, काय गाळलं आणि गाळायला किती कष्ट घेतले. गाळलेलं वाक्य काय होतं, ते मात्र सांगितलं नाही. मातीबाईंचं नाव घेतलं तसे सगळे तोफखान्याकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" तो टेबलावर हात आपटून उठला. "मी गाळीन तिला? मी तिला नावानिशी शिव्या देतो! छापून देतो! त्या पोरीच्या लेखावरही मी तुटून पडणार होतो, पण तिच्या नावानं!"

तेवढ्यात दार उघडलं आणि मातीबाई आत आल्या. कुणाशी काही न बोलता मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. सरांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"सर, आम्हा अडाण्यांना एवढंच सांगा," मी म्हणाले. "ही रंगीत पाण्याची पद्धत कुणाची?"

"माझी. सगळ्यांना माहीत आहे."

"बाई म्हणतात, त्यांची."

"कुणी काहीही म्हणेल! कुणी कुठलासा जुना अहवाल उकरून काढायचा आणि खुशाल लिहायचं, 'पद्धत मुळात बाईंची, सरांनी ती पुढे वापरली.' वापरली! अख्खी हयात घातली मी त्यात, आणि माझीच विद्यार्थिनी मला 'वापरली' म्हणते!"

मी हातातली पानं टेबलावर ठेवली.

"हे वाक्य तुम्ही कुठं वाचलंत, सर?"

"तिच्या लेखात."

"कुठल्या? छापून आलेल्या लेखातून ते गाळलंय. माझ्याकडचं हस्तलिखित मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. उरला तुमच्याकडचा मसुदा, आणि तो तुम्ही वाचलेला नाही."

"विभागप्रमुखांनी... त्यांच्याकडून कानावर आलं."

"मी?" तोफखाना गरजला. "बाईचं नाव दिसताच मी तो भिरकावला! पुढं काय लिहिलंय ते मला आत्ता कळतंय!"

संचालकांनी घसा साफ केला आणि शिपायाला सरांच्या कपाटाकडे पाठवलं. तो रिकाम्या हातानं परत आला. कपाटात बाकीच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे कागद होते, हिचाच मसुदा तेवढा नव्हता.

"मी सांगते काय झालं ते," मी म्हणाले, आणि आता माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. "हा लेख छापला गेला असता तर भिंतीवरच्या सन्मानपत्राला काही अर्थ उरला नसता. ते वाक्य काढ म्हणून हिला सांगता येईना, कारण ही पोर कारण विचारते. मग तुम्ही लेख एका एजन्सीला विकलात. बदल्यात दोन-चार लेखांवर तुमचं नाव आलं, ते वर. पण खरा फायदा वेगळाच होता. लेख आधी दुसऱ्याच्या नावानं छापला की ही चोर ठरणार, हिला हाकलणार, आणि ते वाक्य कधीच कुठंच छापलं जाणार नाही. स्वतःचं नाव त्यात घुसवायचा मोह तुम्ही आवरलात, हुशार आहात. पण बाईंचं नाव तसंच ठेवायचा धीर झाला नाही. त्याच भीतीनं तुम्हाला पकडून दिलं. आणि वर तुम्ही हिच्यासाठी दया मागणार होतात? लाज नाही वाटली?"

मुलगी सरांकडे बघत होती. रडत नव्हती.

७

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. संचालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "शाब्बास. आता शांतपणे मिटवू. सर प्रकृतीच्या कारणानं निवृत्त होतील, मुलीची नोंदणी राहील. संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रू?" मी म्हणाले. "पोरीची चव्हाट्यावर मांडलीत तेव्हा कुठं होती ती?"

कॉरिडॉरमधल्या सगळ्या पदव्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात मी भांडले. एजन्सी, प्राचार्य आणि सर, तिघांबद्दलही समितीच्या सहीचं पत्र मिळेपर्यंत जागची हलले नाही. ते पत्र घेऊन त्या दुसऱ्या नियतकालिकाच्या मागे लागले. त्यांनी टाळाटाळीची हद्द केली आणि शेवटी नाक मुठीत धरून लेख मागे घेतला. प्राचार्यांची पदोन्नती तोवर झालेली होती. ती आजही शाबूत आहे, आणि आजही ते आठवलं की माझं जेवण कडू होतं.

मुलीचा लेख आमच्या पुढच्या अंकात लागला. छपाईला जायच्या आदल्या दिवशी ती शेवटची पानं तपासायला आली. बाईंचं ते वाक्य जागेवर होतं. ती ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. शेवटी ऋणनिर्देश आला. त्यात पहिलंच नाव मार्गदर्शक सरांचं होतं.

"ते मी काढते," मी लाल पेन उचललं. "तुझ्याकडून राहिलंय."

"राहिलं नाही, मॅडम. ठेवलंय."

"त्या माणसाचं? वेडी आहेस का तू? त्यानं तुला विकलं!"

"हो. आणि रोज रात्री मी त्यांना मनात शिव्या देते, तुम्हाला येत नसतील अशा." पानावरचं बोट तिनं हलवलं नाही. "पण बिळात नरसाळं कसं धरायचं, माती न ढासळू देता पाणी कसं सोडायचं, ते त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी, गुडघाभर चिखलात उभं राहून. ते घडलंय. मला राग आला म्हणून मी एक खरं नाव गाळलं, तर मग त्यांनी वेगळं काय केलं होतं?"

मला ते पटलं नाही. अजूनही नीटसं पटत नाही.

पण लेख तिचा होता. मी पेनाला टोपण लावलं आणि पान तसंच छपाईला पाठवलं.